लहान सहकारी बँकेनं माहिती सुरक्षेच्या राष्ट्रीय परिषदेला माणूस पाठवून उपयोग काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लातूर जिल्ह्यातली नागरी सहकारी बँक, वीसेक शाखा, आयटी विभागात तीन माणसं. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी यंदा एका माणसाला माहिती सुरक्षेच्या राष्ट्रीय परिषदेला पाठवायचं मान्य केलंय. चेअरमन साहेब मात्र म्हणतात, "गोव्याला जायचंय तर रजा टाकून जा की, बँकेच्या पैशावर कशाला?" तेव्हा कोणती परिषद निवडावी, तिथं काय ऐकावं, प्रशिक्षण घ्यावं का, आणि परत आल्यावर संचालक मंडळापुढे काय ठेवावं, हे तुम्ही विचारलंय.

मी छत्रपती संभाजीनगरात राहतो. मराठवाड्यातल्या बँका, पतसंस्था, वाळूज आणि शेंद्र्याचे काही कारखाने यांचं माहिती सुरक्षेचं ऑडिट हा माझा धंदा आहे. या परिषदांना मी ऐकायला गेलोय, बोलायलाही गेलोय.

माझं उत्तर: जा. पण भाषणं ऐकायला जाणार असाल तर चेअरमन साहेबांचंच खरं. बहुतेक चांगल्या परिषदांमधली बरीचशी भाषणं काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी यूट्यूबवर येतात. औश्याला घरी बसून, हवं तिथं थांबवून, दोनदा ऐकता येतात. त्यासाठी रेल्वे, हॉटेल आणि प्रवेश फी असा तिहेरी खर्च करायचं कारण नाही. यूट्यूबवर येत नाही ते चहाच्या टेबलाशी होणारं बोलणं. एखाद्या बँकेतला तुमच्यासारखाच माणूस सांगतो की त्यांच्याकडे काय झालं होतं, व्हेंडरनं पहिल्या दिवशी काय सांगितलं, चौथ्या दिवशी काय कबूल केलं आणि मंडळाला शेवटी काय कळवलं गेलं. हे कोणी लिहून देत नाही, मंचावरून तर मुळीच सांगत नाही. तुमच्या बँकेला उपयोगी पडेल असं तिथं जे आहे, त्यातलं निम्म्याहून जास्त या बोलण्यात असतं. त्यासाठी मात्र तयारी लागते. रिकाम्या हातानं गेलेल्या माणसाशी कोणी तसं बोलत नाही.

आधी परिषद कोणती ते उरकून घेऊ. आपल्याकडे ढोबळमानानं दोन जाती आहेत. एक संशोधकांची. गोव्यात २०१० पासून भरणारी नलकॉन त्यातली, आणि केरळ पोलिसांच्या पाठबळावर कोचीकडे होणारी कोकॉनही बरीचशी त्याच वळणाची, फक्त तिथं पोलीस आणि तपास यंत्रणांची माणसं जास्त भेटतात. इथं टी-शर्टातली पोरं असतात, कुलूप उघडण्यापासून चिप वाचण्यापर्यंतचे खेळ चाललेले असतात आणि विषय खोल असतात. दुसरी जात उद्योग आणि धोरणवाल्यांची. नॅसकॉमनं २००८ मध्ये उभारलेल्या डेटा सिक्युरिटी कौन्सिल ऑफ इंडियाची दिल्लीकडची वार्षिक परिषद त्यात येते. इथं कोट असतात, चर्चासत्रं असतात, मोठ्या कंपन्यांचे सुरक्षा प्रमुख असतात, आणि कायद्यात पुढं काय येऊ घातलंय याचा अंदाज इतर कुठल्याही ठिकाणापेक्षा आधी लागतो.

तुमच्यासाठी मी पहिल्या वर्षी कोकॉन सुचवेन. फसवणुकीच्या तक्रारींचा जो ताण लहान बँकांवर येतो, त्याच्या दुसऱ्या टोकाला बसलेली माणसं तिथं भेटतात, आणि तुमचे निम्मे प्रश्न तिथलेच आहेत. पैशाची फारच ओढ असेल तर वर्षभर पुण्याच्या मोफत बैठकांना जा. नल आणि ओवॅस्प या माहिती सुरक्षावाल्यांच्या दोन्ही खुल्या समूहांचे पुण्यात गट आहेत, सुटीच्या दिवशी भेटतात, कोणी फी मागत नाही. लातूरहून पुणे रात्रीच्या गाडीचा प्रवास. लातूर-नांदेडकरांना हैदराबादही तसं हाताशीच आहे. तिथल्या आयडीआरबीटीची, म्हणजे रिझर्व्ह बँकेनं १९९६ मध्ये उभारलेल्या संस्थेची, बँकांच्या माणसांसाठी प्रशिक्षणं असतात. राष्ट्रीय परिषद म्हटलं की मुंबई-दिल्लीच डोळ्यांपुढे येते. आपल्या भागातल्या माणसानं आधी नकाशा बघावा, असं मला नेहमी वाटतं.

आता तयारी. जायच्या महिनाभर आधी स्वतःच्या बँकेवर तीन कागद तयार करा. बँकेचं नाव नको, आयपी पत्ते नकोत, कोणत्या कंपनीची फायरवॉल कोणत्या आवृत्तीची आहे तेही नको. नुसता आकार.

पहिल्या कागदावर पैसा बँकेबाहेर जायचे सगळे रस्ते. एटीएम, यूपीआय, आयएमपीएस, मोबाइल अ‍ॅप, आरटीजीएस, एनईएफटी, चेक. प्रत्येक रस्त्यावर मंजुरी कोण देतं आणि ती कोणत्या यंत्रावर होते. हा कागद काढताना बहुतेक लहान बँकांना एक गोष्ट पहिल्यांदाच दिसते. त्यांचं आरटीजीएस दुसऱ्या मोठ्या बँकेमार्फत जातं, आणि तिचं कॉर्पोरेट नेटबँकिंग मुख्य कार्यालयातल्या दोन साध्या संगणकांवर उघडतं. त्याच संगणकांवर कर्मचारी मेल बघतात, पीडीएफ उघडतात, कोणाच्या तरी पेन ड्राइव्हवरून ताळेबंद घेतात. सीबीएसला, म्हणजे सगळी खाती सांभाळणाऱ्या कोअर बँकिंग सॉफ्टवेअरला, दोन टप्प्यांचं लॉगिन, सर्व्हरला एसी खोली, आणि सगळी रोकड ज्या खात्यातून हलते त्याची किल्ली टेबलावर उघडी. एन्ट्री करणारा एक आणि मंजुरी देणारा दुसरा असं कागदावर असतं, आणि दोघांचे पासवर्ड त्याच दोन संगणकांवर ब्राउझरनं लक्षात ठेवलेले असतात. रिझर्व्ह बँकेनं ३१ डिसेंबर २०१९ ला नागरी बँकांसाठी चार स्तरांची सायबर सुरक्षा चौकट आणली. तिच्या अगदी पहिल्या स्तरातच या संगणकांची सुरक्षा तपासा असं सांगितलंय. वाचलंय सगळ्यांनी, ऑडिटच्या तक्त्यात टिकही आहे.

दुसऱ्या कागदावर व्हेंडर. सीबीएस कोणाचं, डेटा सेंटर कोणाचं, एटीएम स्विच (एटीएमचे व्यवहार योग्य बँकेकडे वळवणारी यंत्रणा) कोणाचा, एसएमएस कोण पाठवतं, अ‍ॅप कोणी बनवलं, आणि यातल्या कोणाकोणाला दुरून तुमच्या यंत्रणेत शिरता येतं. शिरतात तेव्हा त्याची नोंद कुठं उमटते, आणि ती नोंद तुमच्या हातात येते का? हा शेवटचा प्रश्न लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

तिसरा कागद गेल्या वर्ष-दीड वर्षात अडलेल्या गोष्टींचा. घोटाळाच हवा असं नाही. बॅकअप परत चढवताना तास किती लागले, शाखेत व्हायरस आला तेव्हा कळलं कसं, गोठवलेल्या खात्यावरून ग्राहक भांडायला आला तेव्हा कोणाकडे उत्तर होतं. असं तीन-चार.

हे तीन कागद घेऊन गेलेला माणूस आणि कार्यक्रमपत्रिका घेऊन गेलेला माणूस यांचा अनुभव वेगळाच असतो. पहिल्याला प्रश्न विचारता येतो, आणि या क्षेत्रातली माणसं, वरून कितीही तुसडी दिसली, तरी नेमक्या प्रश्नाला भुलतात. "सायबर सुरक्षेसाठी काय करावं?" असं विचाराल तर व्हिजिटिंग कार्ड आणि पेन मिळेल. "सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशानुसार १८० दिवसांचे लॉग ठेवायचेत, सर्व्हर सहा, बजेट नाहीच्या बरोबर, तुम्ही कसं केलं?" असं विचाराल तर समोरचा खुर्ची ओढून बसेल. (सर्ट-इन म्हणजे सायबर घटनांसाठीची केंद्र सरकारची संस्था, लॉग म्हणजे यंत्रांत कोणी काय केलं याच्या नोंदी.) वाझुहसारखं लॉग गोळा करून तपासणारं मोफत साधन एका जुन्या सर्व्हरवर बसवून काम निभावणाऱ्या बँका आहेत. त्यात काय सुटतं आणि डिस्क किती दिवसांत भरते, हे तो आकड्यांसह सांगेल. त्याच निर्देशात घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची आहे आणि सगळ्या यंत्रांची घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची आहेत. घड्याळाचं कलम सगळे हसून सोडून देतात. पण एटीएमची वेळ, स्विचची वेळ आणि सीबीएसची वेळ यांत सात मिनिटांचा फरक असला, तर चोरी झाल्यावर कुठला व्यवहार आधी आणि कुठला नंतर हेच लागत नाही. तिथं तपास अडकतो.

आता प्रत्यक्ष परिषदेत. प्रदर्शनाच्या दालनात कमीत कमी वेळ घालवा. स्टॉलवर तुमच्या ओळखपत्राचा कोड स्कॅन केला की तुमचा नंबर विक्रेत्यांच्या यादीत गेला. पुढचे सहा महिने, संचालक मंडळाची बैठक चालू असतानाही, फोन येत राहतील. नोंदणीला वेगळा मेल आणि वेगळा नंबर द्या. मी दालनात शेवटच्या दिवशी दुपारनंतर जातो. स्टॉलवरचे विक्रीवाले तोवर दमलेले असतात आणि त्यांच्यासोबत आलेला तांत्रिक माणूस मोकळा बसलेला असतो. त्याला विचारावं, हे उत्पादन कुठं चालत नाही? तो बऱ्याचदा खरं सांगतो.

दालनात तुम्हाला सगळ्यात जोरात विकलं जाईल ते सॉक, म्हणजे चोवीस तास पाळत ठेवणारं केंद्र. तुमच्या प्रश्नावरून दिसतं की बँकेचं मोबाइल अ‍ॅप आहे आणि पेमेंट यंत्रणेत तुम्ही दुसऱ्या बँकेमार्फत उपसदस्य आहात. म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या त्या चौकटीत तुम्ही दुसऱ्या स्तरात येता. सॉकची सक्ती चौथ्या स्तराला आहे. स्वतःचा एटीएम स्विच आणि स्विफ्ट (परदेशी पैसे पाठवायचं जाळं) दोन्ही असणारे, किंवा दुसऱ्या बँकांना डेटा सेंटर वा सॉफ्टवेअर पुरवणारे, असे ते लोक. लहान बँकेला पाळत नकोच असं मी म्हणत नाही. पण आधी पहिल्या स्तरातलं स्वतःचं मेल डोमेन, त्यावर डीमार्क (आपल्या नावानं खोटे मेल जाऊ न देणारी सोय), सीबीएसला दोन टप्प्यांचं लॉगिन आणि ते दोन संगणक पूर्ण करा. रात्री अडीचला इशारा येईल तेव्हा फोन उचलणारा माणूस तुमच्याकडे नसेल, तर सॉक म्हणजे दरमहा येणारा एक पीडीएफ अहवाल.

मग वेळ कुठं घालवायचा? तुमच्याच सीबीएस व्हेंडरचे इतर ग्राहक शोधण्यात. या उत्तरातलं माझ्या दृष्टीनं हेच मुख्य, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

लहान बँकेचा धोका बहुतेक वेळा तिच्या इमारतीत नसतोच. सीबीएस भाड्यानं घेतलेलं, ते चालतं व्हेंडरच्या डेटा सेंटरात, त्याच रॅकवर इतर कित्येक बँका. ३१ जुलै २०२४ ला काय झालं ते आठवा. एका तंत्रज्ञान पुरवठादाराकडे रॅन्समवेअर (माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) शिरलं, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं त्याला पेमेंटच्या जाळ्यापासून तोडलं, आणि देशातल्या सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय आणि एटीएम व्यवहार अडले. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. त्या बँकांपैकी कोणाच्या शाखेत काहीच बिघडलं नव्हतं. त्यांचे संगणक चालू होते, त्यांच्या माणसांनी कुठली लिंक दाबली नव्हती. सकाळी काउंटरवर ग्राहक आले तेव्हा शाखा व्यवस्थापकाकडे सांगायला काही नव्हतं, कारण मुख्य कार्यालयाकडेही काही नव्हतं.

अशा व्हेंडरला तुमच्या एकट्या बँकेचं पत्र गेलं की उत्तर येतं, "आम्ही आयएसओ २७००१ प्रमाणित आहोत," सोबत माहिती सुरक्षेच्या या आंतरराष्ट्रीय मानकाच्या प्रमाणपत्राची प्रत. त्या प्रमाणपत्राची व्याप्ती कोणत्या इमारतीपुरती आणि कोणत्या सेवेपुरती आहे हे त्याच पानावर लिहिलेलं असतं. ते वाचा, पुष्कळदा करमणूक होते. पण तेच पत्र आठ-दहा बँकांनी एकाच आठवड्यात, त्याच शब्दांत पाठवलं, तर व्हेंडरचा संचालक स्वतः फोन करतो. आमच्याकडे काही बँकांनी हे केलंय. दुरून यंत्रणेत शिरल्याच्या नोंदी महिन्याच्या महिन्याला मिळायला लागल्या, आणि करारात घटना कळवण्याची मुदत तासांत लिहिली गेली. आधी तिथं "योग्य वेळेत" असा शब्द होता. तुम्हाला सर्ट-इनला सहा तासांत कळवायचंय आणि व्हेंडर तुम्हाला योग्य वेळेत कळवणार, हे गणित कसं जुळायचं?

हे दहाजण एरवी भेटत नाहीत. एक सोलापूरचा, एक नाशिकचा, एक धारवाडकडचा, एक गुजरातेतला. परिषदेतल्या बँकिंगच्या सत्राला दाराशी उभं राहा, ओळखपत्रावर सहकारी बँकेचं नाव दिसलं की थांबवा. पहिला प्रश्न, सीबीएस कोणाचं? इतकं पुरतं.

याच गप्पांत तुम्हाला कॉसमॉस बँकेवरच्या हल्ल्याचं नाव हमखास ऐकू येईल. ऑगस्ट २०१८, पुणे, सुमारे ९४ कोटी रुपये. ते प्रकरण ऐकून सोडू नका, त्यातला क्रम बघा. ११ ऑगस्ट हा दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी. त्या दिवशी २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे निघाले, कारण पैसे द्यायचे की नाही हा प्रश्न सीबीएसपर्यंत पोचतच नव्हता. हल्लेखोरांनी मध्ये बसवलेला खोटा स्विच परस्पर होकार देत होता. १३ तारखेला सोमवारी स्विफ्टनं हाँगकाँगला आणखी १३ कोटींच्या वर गेले. तुमच्याकडे स्विफ्ट नाही, म्हणून हायसं वाटून घेऊ नका. तुमच्या व्हेंडरच्या स्विचनं दिलेले होकार आणि तुमच्या सीबीएसमध्ये पडलेल्या नोंदी यांचा ताळा दुसऱ्या शनिवारी कोण घेतं, हा प्रश्न तुम्हालाही लागू आहे. परिषदेत भेटणाऱ्या प्रत्येक बँकवाल्याला विचारा. उत्तरं ऐकून झोप उडेल.

प्रशिक्षणाबद्दल थोडक्यात. परिषदेच्या आधी दोन-तीन दिवसांच्या कार्यशाळा असतात, त्यांची फी वेगळी आणि जड असते. गाडी हॅक करणं, चिप उघडणं, ब्राउझरमधली भोकं शोधणं असले विषय आकर्षक दिसतात. ते संशोधकांना सोडा. लॉग वाचणं, घटना घडल्यावर पहिल्या दिवशी काय करायचं, आणि अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी, म्हणजे कर्मचाऱ्यांची लॉगिनं आणि परवानग्या सांभाळणारी यंत्रणा, कशी बांधून ठेवायची, यातलं काही असेल तरच पैसे भरा.

स्वतःच्या वागण्याबद्दलही दोन शब्द. बँकेचा लॅपटॉप नेऊ नका. फोनचं वायफाय आणि ब्लूटूथ बंद ठेवा. फुकट मिळालेला पेन ड्राइव्ह घरी आणू नका, बँकेत तर नाहीच. अमेरिकेत १९९३ पासून भरणाऱ्या डेफकॉनमध्ये, उघड्या वायफायवर ज्यांचे पासवर्ड पकडले गेले त्यांची लॉगिन नावं आणि अर्धवट झाकलेले पासवर्ड भिंतीवर लावायची रीतच आहे. आपल्याकडे भिंत नसेल, पण खोड्या करणारी पोरं तीच. गळ्यातल्या ओळखपत्राचा फोटो काढून लिंक्डइनवर टाकायचा मोह सगळ्यांना होतो. त्यातून बँकेचा आयटीवाला चार दिवस गावात नाही, ही बातमी जाते. आल्यावर टाका. आणि कोणी बोलताना "हे टीएलपी रेड आहे" म्हणालं, तर ते त्या खोलीतल्या माणसांपुरतंच. (टीएलपी म्हणजे माहिती कोणापर्यंत जाऊ द्यायची ते रंगानं सांगायचा संकेत.) हिरवं म्हणालं तर आपल्या वर्तुळात सांगता येतं, पण बाहेर जाहीर करायचं नाही. अंबर दोन्हींच्या मधलं, ज्याला माहीत असणं गरजेचं आहे त्यालाच सांगायचं. हा संकेत एकदा मोडला की त्या वर्तुळात पुन्हा कोणी काही सांगत नाही.

तुमच्या पत्रात एक वाक्य होतं: "तिथं मोठ्या लोकांत आपलं काय काम?" ते मला पटलं नाही.

आपल्याकडे जे दिसतं ते त्या मोठ्या लोकांना दिसत नाही. भाड्याच्या खात्यांचंच घ्या, ज्यांना सगळे म्यूल खाती म्हणतात. फसवणुकीचा पैसा आधी अशा खात्यात येतो आणि मिनिटांत पुढे सरकतो. रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबनं अशी खाती हेरणारी म्यूलहंटर ही प्रणाली तयार केली, डिसेंबर २०२४ मध्ये तिची घोषणा झाली, आणि तिचे प्रयोग दोन मोठ्या सरकारी बँकांत झाले. छान आहे. आता परिषदांमध्ये सांगितल्या जाणाऱ्या एका ठोकताळ्याकडे बघा: एकाच मोबाइल नंबरवर बरीच खाती दिसली की संशय घ्या. पुण्या-मुंबईत हे ठीक. बीड, आष्टी, पाटोदा भागात ऊसतोड मजुरांची खाती बघा. नंबर बऱ्याचदा मुकादमाचा असतो, नाहीतर घरात फोन एकच असतो आणि तो थोरल्या पोराजवळ असतो. पैसेही हंगामाच्या तोंडावर एकदम येतात आणि एकदम काढले जातात, कारण ती उचल असते. मोठ्या शहरातल्या माहितीवर शिकलेली प्रणाली या खात्यांना चोर ठरवेल. उलट लातुरात शिकवणीसाठी आलेल्या पोराचं खातं घ्या. स्वतःचा नंबर, स्वतःचं आधार, पत्ता बरोबर, सगळं स्वच्छ. त्यालाच कोणी तरी "खातं वापरायला दे, महिन्याला पाच हजार देतो" म्हणून गाठतं. प्रणालीला हे खातं सज्जन वाटणार.

दुसरं मोंढ्याचं. आडत्याला कोणी तरी अनोळखी खात्यातून सोयाबीनचे पैसे यूपीआयनं पाठवतं. त्या साखळीत चार पायऱ्या मागे कोणाची तरी फसवणूक झालेली असते. तो माणूस १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करतो, रक्कम ज्या ज्या खात्यांतून गेली तिथं तिथं निरोप जातो, आणि आडत्याच्या खात्यातले पैसे अडवले जातात. नेमकी तेवढीच रक्कम रोखायची की सगळं खातंच गोठवायचं, यात बँकेकडून घाई होते. ऐन हंगामात आडत्याचं अख्खं खातं अडलं की पन्नास शेतकऱ्यांच्या पट्ट्या थांबतात, आणि मग ते सगळे तुमच्या शाखेत येतात, पोलिसांकडे कोणी जात नाही. हे हाताळायची पद्धत, म्हणजे कोणतं पत्र, कोणत्या क्रमानं, ग्राहकाकडून कोणते कागद आणि सुटका किती दिवसांत, तुमच्या तिघांच्या विभागानं एव्हाना बसवलेली असणार. वातानुकूलित सॉकमध्ये बसलेल्याला ती माहीत नाही.

यावर वीस मिनिटांचं भाषण होतं. परिषदा काही महिने आधी भाषणांसाठी प्रस्ताव मागवतात, निवड झालेल्या वक्त्याला प्रवेश फुकट असतो आणि बऱ्याचदा प्रवास-मुक्कामही मिळतो. पहिल्या वर्षी ऐकून या, दुसऱ्या वर्षी प्रस्ताव टाका. इंग्रजीची भीती असेल तर हिंदीत बोला, चालतं. ग्राहकाचं नाव, खाते क्रमांक, शाखा काहीही जाऊ देऊ नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे, आणि कायदा नसता तरी आपल्या ग्राहकाची गोष्ट मंचावर नावानिशी सांगणं शोभत नाही. नांदेडच्या गुरू गोविंदसिंहजी संस्थेतली, संभाजीनगरच्या शासकीय अभियांत्रिकीतली पोरं या परिषदांच्या सीटीएफ, म्हणजे हॅकिंगच्या कोड्यांच्या, स्पर्धांत उतरावीत असंही मला वाटतं, पण तो वेगळा विषय आहे.

परत आल्यावर एक काळजी घ्या. दोन दिवस तऱ्हेतऱ्हेची प्रात्यक्षिकं बघून हात शिवशिवतात. व्हेंडरच्या सर्व्हरवर, दुसऱ्या बँकेच्या अ‍ॅपवर काहीही चालवून बघू नका. परवानगीशिवाय केलेली साधी चाचपणीसुद्धा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ मध्ये बसवली जाऊ शकते, आणि ६६ ला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. उणीव सापडलीच तर व्हेंडरला लेखी कळवा. तो दाद देत नसेल तर सर्ट-इनकडे उणीव कळवायची रीतसर सोय आहे.

राहिले चेअरमन साहेब. त्यांना पंचवीस स्लाइडचं सादरीकरण दाखवू नका. पुढच्या मंडळाच्या बैठकीत एका पानाची टिपणी ठेवा आणि तिच्यावर फक्त ठराव हवेत असे मुद्दे लिहा. आरटीजीएसचे दोन संगणक वेगळे करून त्यांचं बाकी इंटरनेट बंद करण्यास मंजुरी. व्हेंडरच्या करारात घटना कळवण्याची मुदत तासांत घालण्यास मंजुरी, सोबत ज्या बँका हेच पत्र देणार आहेत त्यांची नावं, त्यांची हरकत नसेल तर. दुसऱ्या शनिवारी स्विच आणि सीबीएसचा ताळा घेणाऱ्या कर्मचाऱ्याला भत्ता. यातला पहिला ठराव जवळजवळ फुकट आहे, तो आधी घ्या. सहकारी बँकेच्या मंडळात बाकी काही असो, हिशेब कळणारी माणसं असतात. प्रवासखर्चाच्या शेजारी हे तीन ठराव दिसले की गोव्याचा विषय निघणार नाही. निघालाच, तर सांगा की म्हणूनच आम्ही कोची निवडली.

जायच्या आधी एक काम राहू देऊ नका. सर्व्हरचे आणि फायरवॉलचे मुख्य पासवर्ड आज तुमच्या एकट्याच्या डोक्यात असतील, तर ते लिहून, सीलबंद करून, दोन अधिकाऱ्यांच्या सहीनं तिजोरीत ठेवा, आणि परत आल्यावर बदला. तुमच्या दोन सहकाऱ्यांपैकी एकाला बॅकअप परत चढवायचा सराव तुमच्यादेखत करायला लावा. तिकीट त्यानंतर काढा.